अहवालात नसलेली चिंधी

नवीन पनवेल,
मंगळवार

प्रिय सॅम,

तुझा मेल मिळाला. अपघाताच्या इंग्रजी अहवालाची बेचाळीस पानं मिळाली आणि त्यांच्या वर तू लिहिलेल्या ओळीही वाचल्या. ताई, एवढं साध्या मराठीत करून दे, गुरुवारी कारखान्यातल्या आपल्या जुन्या दाजींची सही घ्यायची आहे, आणि सणाच्या आगाऊ शुभेच्छा. मेलला मेलनंच उत्तर देणार होते. पण तुला आलेले मेल तू कुणाकुणाला पुढे पाठवतोस ते मला ठाऊक आहे, आणि मला फक्त तुझ्याशी बोलायचंय, म्हणून कागद घेतला, उद्या सकाळी हातपोच मिळेल. आधीच सांगून ठेवते, मला राग आलाय. साधासुधा नाही. चार दिवस घरात रोज भाजी करपतेय आणि दूध उतू जातंय, असा राग आहे. तू माझा धाकटा भाऊ आहेस, कंपनीच्या हेड ऑफिसात बदल-विभागाचा प्रमुख आहेस, आणि मी त्याच कंपनीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं सेफ्टीचं काम बघते. म्हणजे आपण दोघं एकाच ताटातले. तेव्हा मी काय लिहिते ते जेवताना वाचू नकोस, एवढंच.

पहिली दहा पानं कंपनीनं दोन वर्षांत काय काय सुधारलं त्याच्या कौतुकात गेली आहेत. अपघात अकराव्या पानावर होतो. तिथे लिहिलंय की सदर कामगाराने आवश्यक खातरजमा न करता व्हॉल्व्ह उघडला, डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा जागेवर नव्हता, मूळ कारण मानवी चूक. मी हे मराठीत करायला बसले आणि 'मानवी' या शब्दापाशी अडले. का रे, त्या कारखान्यात माणूस म्हणून एकटे दाजीच होते का? बाकीचे आम्ही सगळे कोण, खांब? बेचाळीस पानांत तुझं नाव नाही, माझं नाव नाही, कारखान्याच्या मॅनेजरचं नाव नाही. नाव एकट्या दाजींचं आहे, ते चौदा वेळा आहे. याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. तुझ्याकडे बहुतेक 'निष्कर्ष' म्हणत असतील.

चौतीस वर्षं ज्या माणसानं त्या पाइपांमध्ये काढली, त्याचा उजवा डोळा गेलाय आणि डाव्यानं फक्त उजेड कळतो. निवृत्तीला सात महिने राहिलेत. अहवाल मान्य म्हणून सही केली तर सन्मानानं घरी बसवणार, नाही केली तर चौकशी लावून काढून टाकणार, असं तुमच्या एचआरचा तो प्रणित फळांची करंडी घेऊन जाऊन सांगून आला. आणि निघता निघता हेही म्हणाला की तुमच्या चुकीनं चार नंबरची लाइन बंद पडली, चाळीस कंत्राटी पोरं घरी बसली. आंधळ्या माणसाच्या मांडीवर सफरचंद ठेवून हे सांगायचं! त्यांची बायको, वेणूवहिनी, मला म्हणाल्या, "त्या दिसापासून जेवत नाय नीट. पोरांच्या आयांना काय तोंड दाखवू म्हंतो." प्रणितचं वय अठ्ठावीस. तो बिचारा शिकवलेलं बोलला. शिकवलं कुणी?

आता चिंधीबद्दल. अहवालात ती कुठेच नाही, म्हणून मीच लिहिते. दाजींच्या घराण्याचं मिठागर होतं. खाडीचं पाणी आत घ्यायची जी लाकडी फळी असते, ती कुणी काही शंका येऊन बंद केली, तर तो आपल्या अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून फळीला बांधायचा. फळीला चिंधी दिसली की दुसरा तिला हात लावत नसे. आधी बांधणाऱ्याला गाठून विचारायचं, आणि ज्यानं बांधली त्यानंच ती सोडायची. मिठागर गेलं, दाजी कारखान्यात आले, आणि ही रीत त्यांनी सोबत आणली. व्हॉल्व्हला चिंधी म्हणजे थांब, मला विचार. प्रत्येकाचं कापड वेगळं. दाजींचं वेणूवहिनींच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठाचं, त्याच लाइनवरच्या कृष्णकांतचं चौकड्यांच्या लुंगीचं. लांबून बघितलं तरी कुणाला विचारायचं ते कळायचं. बिघाड झाल्यावर कागद भरायची सोय कंपनीत पहिल्यापासून होती. बिघाड व्हायच्या आधी, नुसतं मनाला खटकलं तर काय करायचं, याची सोय या एवढ्याशा कापडानं केली होती, आणि ती फुकट होती.

तुला हे मी सांगायला नको. तू ट्रेनी म्हणून आमच्याकडे आलास तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात तू अशीच एक चिंधी सोडली होतीस, हा काय गावठी प्रकार म्हणून. दाजी ओरडले नाहीत. त्यांनी तुला त्या व्हॉल्व्हपाशी उभं केलं आणि बांधणारा माणूस परत ड्यूटीवर येईपर्यंत, म्हणजे अख्खी पाळी, तिथून हलू दिलं नाही. जेवणसुद्धा तिथेच, उभ्यानं. घरी येऊन तू आईपुढे पाय चोळत बसला होतास आणि आई हसून हसून दमली होती. महिन्याभरानं तू स्वतः एक चिंधी बांधलीस. बाबांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाची. केवढा फुशारला होतास! मग सांग, दोन वर्षांपूर्वी तू त्या मोठ्या पडद्यावर बदलाचा कार्यक्रम दाखवलास, त्यात 'अनौपचारिक व अस्वच्छ पद्धतींचे निर्मूलन' असं लिहिलेलं होतं, ते लिहिताना तुझा हात थांबला नाही?

बदलाला माझा विरोध नाही, हे तुला माहीत आहे. टॅब्लेट आले तेव्हा सगळ्यांत आधी मी शिकले आणि बाकीच्यांना शिकवलं. पण तुम्ही आधी काय काढून घेतलंत? पाळी बदलताना जुनी आणि नवी माणसं पंधरा मिनिटं एकत्र असायची. पाइपांमधून चालत एकमेकांना सांगायची, इथे बघ, तिथे जपून. तुझ्या सल्लागारांनी घड्याळ लावून मोजलं आणि ही पंधरा मिनिटं वाया जातात असं ठरवलं. जाणाऱ्याची बस आता तीनला सुटते आणि येणारा तीनला आत शिरतो. दोघं एकमेकांना फाटकातून दिसतात, हात करतात आणि जातात. बोलणं टॅब्लेटवर. त्या टॅब्लेटवर नोंदीची अकरा कारणं दिली आहेत, त्यांतलं एक निवडायचं. गळती असेल तर फोटो आणि किती गळली त्याचं माप द्यायचं. सांधा नुसता ओलसर वाटतोय, हात लावला तर बोटं बुळबुळीत होतायत, मन घेत नाही, असलं कारण त्या यादीत नाही. मग माणूस 'इतर' निवडतो. आणि 'इतर' टॅब्लेटवरही आणि तुमच्या हेड ऑफिसच्या पडद्यावरही हिरवं दिसतं. मी तुला विचारलंसुद्धा होतं. तू म्हणालास, ताई, तांबडे ठिपके कमी दिसणं हेच तर यश आहे.

तुमचं ते धोक्यांचं रजिस्टरही मी वाचलंय. दोनशे चौदा धोके. त्यात भूकंप आहे, डॉलरचा भाव आहे, कुणी फेसबुकवर बदनामी केली तर काय करायचं तेही आहे. दोन माणसांची गाठच पडली नाही तर काय, हा धोका नाही. कारण तो तुम्ही स्वतः निर्माण केलात. आपल्या हातांनी खणलेला खड्डा कोण यादीत लिहितो?

जूनमधल्या त्या बुधवारी कृष्णकांत पहिल्या पाळीला होता. बाराच्या सुमाराला त्याला चार नंबरच्या लाइनवर, तोंडाच्या उंचीवरचा एक सांधा ओलसर लागला. आत कॉस्टिक, कातडी जाळणारं. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला, टॅब्लेटवर 'इतर' निवडलं, आणि खात्री म्हणून आपली चौकड्यांची चिंधी बांधली. दुरुस्तीवाल्यांना सांगितलं, ते उद्या बघतो म्हणाले, कारण सगळे रंगकामात होते. दुसऱ्या दिवशी परदेशातले पाहुणे येणार होते ना तुझा कार्यक्रम बघायला. दोन वाजता पाइपांवरच्या चिंध्या काढण्यात आल्या. तीनला कृष्णकांत बसमध्ये बसला. दाजी आत आले. टॅब्लेट हिरवा, व्हॉल्व्ह बंद, चिंधी नाही. चिंधी नसली तर उघडायला हरकत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. साडेचारला त्यांनी व्हॉल्व्ह उघडला आणि सांधा फुटला. हो, चष्मा कपाळावर होता. त्या चष्म्यावर वाफ धरते, काही दिसत नाही, अशी तक्रार मी स्वतः आठ वेळा वर पाठवली आहे. तेही अहवालात नाही.

वर मी काय लिहिलं बघ. 'चिंध्या काढण्यात आल्या.' मीही तुझ्यासारखंच लिहायला लागले. काढण्यात आल्या नाहीत सॅम, मी काढल्या. तुझा मेल आला होता, पाहुणे यायच्या आत पाइपांवरची सगळी अनधिकृत कापडं आणि दोऱ्या काढून टाकाव्यात. मी गोणपाट घेतलं आणि फिरले. सात निघाल्या. सहा जुन्या होत्या, केव्हाच्या राहून गेलेल्या. सातवी नवी होती. गाठ घट्ट होती, कापड कोरडं आणि स्वच्छ. कृष्णकांतची आहे हे मला बघताक्षणी कळलं. मी तिच्यापुढे थांबले. मनात आलं, त्याला विचारून यावं. मग घड्याळात बघितलं, खाली मॅनेजर फोटो काढायला उभा होता, आणि आपल्याच भावाचा कार्यक्रम आहे, उगीच खोट कशाला, असंही वाटलं. खरं तेच लिहिते. मी कात्रीनं कापली. म्हटलं, तीन वाजता फाटकाशी त्याला गाठून विचारीन. तीन वाजता मी पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते.

नंतर कंपनी काय सुरेख हलली! तासाभरात लाइनभोवती पिवळी पट्टी, संध्याकाळच्या आत वकील, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल की कुणी कुणाशी बोलू नये. आठवड्यात चारशे माणसांना चष्म्याचं प्रशिक्षण. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मला चौकशी समितीनं बोलावलं तेव्हा विचारलं की प्रशिक्षणाच्या नोंदी पूर्ण आहेत का. मी म्हटलं, आहेत. चिंधीचं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तीन महिने मी गप्प बसले ती कुणाच्या भीतीनं नाही. समोरचा मेल तुझा होता म्हणून. लहानपणी तू काच फोडायचास आणि मी बाबांना मांजरानं फोडली म्हणून सांगायचे, तीच सवय. पण तेव्हा निदान मांजराला कुणी अहवाल मान्य करायला लावत नव्हतं.

दाजींना लिहायच्या पत्रात 'दिलगीर आहोत' असा शब्द मी घातला होता. तो तुमच्या वकिलांनी खोडून परत पाठवला, जबाबदारी अंगावर येते म्हणून. आणि तू मला सणाच्या शुभेच्छा देतोस! नव्या वर्षाच्या त्या सणानंतर येणाऱ्या उपासाच्या दिवशी आपण सिनेगॉगमध्ये उभं राहून छातीवर मूठ मारत काय म्हणतो, विसरलास? आम्ही चुकलो, आम्ही फसवलं, आम्ही खोटं बोललो. ज्यानं केलं नाही तोही 'आम्ही' म्हणतो, म्हणजे ज्यानं केलं त्याला एकट्याला उभं राहावं लागू नये. तुझ्या अहवालात पहिली दहा पानं 'आम्ही' आहे, आम्ही सुधारलं, आम्ही साधलं. अकराव्या पानावर डोळे जातात तेव्हा 'सदर कामगार' सुरू होतो. आणि दिवाळीनंतर हाच कार्यक्रम आणखी तीन कारखान्यांत नेणार आहात म्हणे. तिथेही कुणीतरी काहीतरी बांधत असेल. माझ्यासारखी कुणी कात्री घेऊन फिरेल.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या मेलमधली एक ओळ मी वर मुद्दाम गाळली. तू म्हटलं होतंस, दाजींना आता वाचता येत नाही, तेव्हा गुरुवारी अहवाल तूच वाचून दाखव ताई, तुझा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे, ते विश्वास ठेवतील. मी गुरुवारपर्यंत थांबले नाही. आज सकाळीच विचुंब्याला दाजींच्या घरी गेले. अकरावं पान मराठीत वाचून दाखवलं. प्रत्येक वाक्याला ते मान हलवत होते. "बरोबर हाय, बाय. माजीच चूक हाय. कुटं सई करू?" तेव्हा मी सांगितलं की चिंधी होती, कृष्णकांतची होती, मी कापली, आणि कापायला सॅमनं सांगितलं होतं. त्यांनी तीनदा विचारलं, कंचं कापड, किती वाजता, कुनी सांगितलं. मग हातातला पेला त्यांनी भिंतीवर फेकला. "तीन म्हयने सवताला खातोय मी! तीन म्हयने! निंग माज्या घरातून!" मी माफी मागायला गेले होते रे, ती मागूच दिली नाही. वेणूवहिनींनी मला दंडाला धरून दाराबाहेर काढलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. पण अपघातानंतर पहिल्यांदा तो माणूस पाठ ताठ करून बसला होता, हे मी उंबऱ्यातून बघितलं. दुपारी मी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत जबाब देऊन आले, तुझा मेल जोडून. त्यात पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. तुला ते कुणा तिसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी मी कळवते आहे. नोकरी माझीही जाईल, तुझीही कदाचित. मी निघताना दाजी आतून ओरडले, तो निरोप जसाच्या तसा देते. "त्या सॅमला सांग, कागद घेऊन सवता ये म्हनावं. सवताच्या तोंडानं वाच. मना ऐकायचं हाय." गुरुवारी अकरा वाजता ते ओट्यावर बसलेले असतील. मला त्या घरात जायला बंदी आहे. तू जा.

तुझीच,
शुलामिथताई